‘काही होईल का?’च्या पुढचे प्रश्न

पहाटे दादरला थांबणाऱ्या लांबच्या गाड्यांतून कॅन्सरचे पेशंट उतरतात, ते चटकन ओळखू येतात. महालक्ष्मीने कोल्हापूर-सांगलीकडचे, सिद्धेश्वरने सोलापूरचे, देवगिरीने नांदेड-परभणीचे, विदर्भ एक्स्प्रेसने नागपूर-अकोल्याचे. एक थकलेलं वडीलधारं माणूस, त्याचा दंड धरलेला मुलगा किंवा मुलगी, आणि काखेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. तिथून टॅक्सी परळला. दिवस नीट उजाडायच्या आत डॉ. बोर्जेस रस्त्यावर माणसं येऊन उभी असतात.

यांतल्या अनेकांचं निदान आधीच झालेलं असतं. तालुक्याला सोनोग्राफी, जिल्ह्याला तुकडा काढून तपासणी, पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पेट स्कॅन, आणि कुठल्या तरी केबिनमध्ये ‘पसरलाय’ हा शब्द. त्यानंतर घरात ठराव होतो, ‘एकदा टाटाला दाखवून घेऊ.’ १९४१च्या फेब्रुवारीत दोराबजी टाटा ट्रस्टने हे रुग्णालय सुरू केलं. लेडी मेहेरबाई टाटांचा मृत्यू १९३१ साली ल्युकेमियाने झाला होता, त्यातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. १९६२पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. रुग्णालय उघडल्यापासून आजवर महाराष्ट्रातल्या किती घरांनी ‘टाटाला दाखवून घेऊ’ हे वाक्य उच्चारलं असेल, त्याची मोजदाद होणार नाही. देशात २०२२ या एका वर्षात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे.

एवढा प्रवास करून, रांगेत उभं राहून, फाईल काढून नातेवाईक डॉक्टरांसमोर बसतात आणि विचारतात, “काही होईल का?” प्रश्न अगदी माणसाचा आहे, पण त्याचं उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. एक डॉक्टर म्हणतो, “प्रयत्न करू.” दुसरा म्हणतो, “फारसं नाही.” दोघंही खरंच बोलत असतात. घरचे मात्र पहिल्याला चांगला आणि दुसऱ्याला तुसडा ठरवून मोकळे होतात. दुसरं मत घ्यायचं ते हवं ते उत्तर मिळेपर्यंत दारं ठोठावण्यासाठी नव्हे. ज्याचं उत्तर मिळाल्यावर आपला निर्णय बदलू शकेल, असा प्रश्न घेऊन दुसऱ्या दारात जायचं असतं. असे प्रश्न फार नसतात. ते आधी घरी बसून कागदावर लिहिता येतात.

आधी काच, मग कागद

पहिला प्रश्न निदानाचा. आपण दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवतो, पण रिपोर्ट म्हणजे पहिल्या ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टने काचेवर जे पाहिलं त्याचं त्याने लिहिलेलं वर्णन. वर्णन वाचून दुसरं मत बनत नाही. काच पुन्हा पाहावी लागते. म्हणून मोठ्या केंद्रात गेलं की पहिल्यांदा विचारतात, “स्लाईड आणि ब्लॉक आणलेत का?” आणि निम्म्या मंडळींचे चेहरे पडतात, कारण ते जिल्ह्याच्याच लॅबमध्ये राहिलेले असतात. मग एक माणूस परत गाडी पकडतो.

ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवलेली, काडेपेटीहून लहान अशी प्लास्टिकची चौकट. त्यावर नंबर असतो. या मेणाचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुढच्या सगळ्या तपासण्या याच ब्लॉकमधून होतात. कॅन्सर मुळात कुठल्या अवयवाचा आहे, स्तनाचा असेल तर हार्मोनला प्रतिसाद देणारा आहे का, फुप्फुसाचा असेल तर त्यात कुठला जनुकीय बदल आहे, हे सगळं त्या मेणात आहे. म्हणून तो घेताना नंबर टिपून घ्यावा, दुसरीकडे देताना पोच घ्यावी, काम झालं की परत मागावा. काचा कापसात गुंडाळाव्यात. मे महिन्यात ब्लॉक उन्हातल्या गाडीत सोडून जेवायला जाऊ नये.

हे मागायला संकोच वाटतो. ‘डॉक्टर रागावतील’ ही भीती शिकल्यासवरल्या घरांतही असते. पण २००२च्या वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. शिवाय जाणता डॉक्टर रागावत नाही. उलट अनेक जण स्वतःहून सांगतात, “एकदा दाखवून या, म्हणजे तुमच्याही मनात राहणार नाही.”

गुरुजींचा ब्लॉक

ओळखीतल्या एका घराचं सांगतो. वडील फलटणकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरीच्या अलीकडचे. आयुष्यात विडीला हात लावला नाही. खोकला सुरू झाला तेव्हा छातीचा फोटो पाहून एका ठिकाणी टीबीचं औषध सुरू झालं, थुंकीत काही सापडलेलं नसताना. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अनेक रुग्णांची सुरुवात अशीच होते. मग फुप्फुसाभोवती पाणी झालं, ते काढून तपासलं, तुकडा काढला. निदान अॅडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. पहिल्या डॉक्टरने पुढच्या आठवड्यापासून केमो सुरू करू असं सांगितलं.

त्यांची मुलगी पुण्याला बँकेत आहे. तिने दुसऱ्या मतासाठी वेळ घेतली तेव्हा वहीत एकच प्रश्न लिहून नेला: केमोखेरीज दुसरं काही लागू पडेल का, हे ठरवणारी तपासणी झालीय का? झालेली नव्हती. ब्लॉक तपासायला गेला आणि रिपोर्ट ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे गाठीत त्या जनुकातला बदल सापडला. सलाईनऐवजी गोळी सुरू झाली.

हा काही चमत्कार नाही. भारतात फुप्फुसाच्या या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण चारात एका रुग्णाच्या गाठीत हा बदल सापडतो, आणि तंबाखूला न शिवलेल्यांत त्याचं प्रमाण जास्त असतं. ओसिमर्टिनिब या गोळीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात निम्मे रुग्ण ३८.६ महिन्यांहून जास्त जगले. जुन्या पिढीच्या गोळ्यांवर हा आकडा ३१.८ महिने होता. ती महाग आहे. पण जेफिटिनिब ही जुनी गोळी आता स्वस्त मिळते, आणि टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तिच्या जोडीला केमो दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम कालावधी ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. केमोची जोड दिल्यावर त्रासही वाढला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे एकाच ब्लॉकमधून किमान तीन रस्ते निघाले, आणि ते रस्ते आहेत हे एका तपासणीने कळलं.

दुसऱ्या मताने असं काही हाती लागेलच असं नाही. पुष्कळदा दुसरा डॉक्टर पहिल्याच्याच कागदावर बोट ठेवून म्हणतो, “हेच करा, घराजवळ करा.” ते ऐकून घरचे हिरमुसतात. खरं तर हा मोठा फायदा आहे. केमो मिरजेला किंवा नाशिकला तितकीच चांगली मिळणार असेल, तर मुंबईत खोली घेऊन राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि म्हाताऱ्या माणसाची फरफट वाचते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागांनी हजारो कुटुंबांना आधार दिला आहे. पण तिथेही प्रत्येकाला खाट मिळेल असं नसतं.

आंघोळ स्वतः करता का?

दुसरा प्रश्न उपचाराच्या हेतूचा. हा उपचार आजार मुळापासून जाण्यासाठी आहे, आटोक्यात ठेवण्यासाठी आहे, की दुखणं कमी करण्यासाठी? केमो हा एकच शब्द तिन्हीकडे वापरला जातो, त्यामुळे नातेवाईकांना फरक कळत नाही. शेकाचंही, म्हणजे रेडिएशनचंही, तसंच. हाडात गेलेल्या कॅन्सरचं दुखणं थांबवायला दिलेला एक-दोन दिवसांचा शेक आणि घशाचा कॅन्सर बरा करायला दिलेला सहा-सात आठवड्यांचा शेक, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा हेतू ठरवताना डॉक्टर स्कॅनइतकंच माणसाकडे पाहतो. गुरुजी केबिनमध्ये आले तेव्हा डॉक्टरांनी फाईल मिटलेलीच ठेवली होती.

“गुरुजी, सकाळी उठल्यापासून स्वतःचं स्वतः काय काय करता?”

“आंघोळ, पूजा. मग पेपर वाचतो. अकरापर्यंत ओट्यावर बसतो.”

“बाबा, जिन्यात दोनदा थांबता ते सांगा ना,” मुलगी म्हणाली.

“थांबतो. वयच आहे.”

“दिवसा आडवं किती वेळ पडता?”

“जेवल्यावर तासभर. खोकला जास्त असला की जरा जास्त.”

डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहिला. जगभर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे अशी एक मोजपट्टी असते. शून्य म्हणजे पूर्वीसारखा हिंडता-फिरता. एक म्हणजे जड काम होत नाही, बाकी ठीक. दोन म्हणजे स्वतःचं सगळं करतो, पण कामधंदा होत नाही. तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात. चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. तीन-चारवर असलेल्या माणसाला जोरकस केमो दिली, तर फायद्याआधी तोटाच पुढ्यात येण्याची शक्यता असते. गोळीचं गणित काही वेळा वेगळं असतं. म्हणून फक्त फाईल घेऊन आलेल्या मुलाला डॉक्टर विचारतात, “पेशंट कुठे आहे? चालतो का?” आणि म्हणूनच घरच्यांनी या प्रश्नांची उत्तरं फुगवून देऊ नयेत. ‘तसे एकदम ठणठणीत आहेत हो’ या मायेपोटी सांगितलेल्या खोट्यावर औषधाचा डोस ठरू शकतो.

आयुष्य किती, हा प्रश्नही याच ठिकाणी येतो. डॉक्टर ‘सहा महिने’ म्हणाला म्हणजे कॅलेंडरवर फुली मारली असं नाही. अभ्यासातला मध्यम आकडा म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे गेले, निम्मे त्याच्या पलीकडे जगले. तेव्हा विचारायचं ते असं: साधारण बरं चाललं तर किती, वाईट चाललं तर किती, आणि उपचार घेतला नाही तर यात फरक किती?

एकर विकण्याआधी

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो लाजून मागे ठेवायचा नसतो. धर्मशाळेच्या दारात भेटलेल्या एका मुलाच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि वर्षाच्या आत गळ्यात पुन्हा गाठी आल्या. एका खासगी रुग्णालयाने इम्युनोथेरपी सुचवली. महिन्याचा आकडा ऐकून भावाभावांनी रस्त्याकडेचं एक एकर काढायचं ठरवलं होतं. “बापासाठी नाही विकायचं तर कशासाठी?” तो म्हणाला. त्यावर उत्तर नव्हतं. पण त्या एकराच्या बदल्यात नेमकं काय मिळणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये आपला देश जगात पुढे आहे, आणि महागड्या औषधाला पर्याय शोधण्याचं कामही इथेच झालं आहे. परत आलेल्या किंवा पसरलेल्या आजारात आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या देऊन टाटामध्ये ४२२ रुग्णांवर अभ्यास झाला. शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचा मध्यम जगण्याचा काळ ६.१ महिने होता, गोळ्या घेणाऱ्यांचा ७.५ महिने, आणि गोळ्यांचा गंभीर त्रासही कमी. हा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. पुढे याच डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध अवघं २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा कमी डोस पूर्ण डोसच्या समोर तपासलेला नव्हता, एवढं ध्यानात ठेवायचं. पण ज्याला पूर्ण डोस परवडणारच नाही, त्याच्यापुढे ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी निवड उरली नाही.

तेव्हा महाग औषध सुचवलं की तीन गोष्टी विचाराव्यात. याने मध्यम आयुष्य किती वाढतं? आमच्या ब्लॉकच्या तपासणीत ते लागू पडेल असं काही दिसलंय का? आणि याचं स्वस्त रूप किंवा कमी डोस आहे का? औषधांच्या किमती दगडावर कोरलेल्या नसतात. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना मिळत होतं. मार्च २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि भारतीय कंपनीच्या गोळ्यांची किंमत महिन्याला ८,८०० रुपये ठरली. २०१९ साली सरकारने ४२ कॅन्सर औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजना रुग्णालयाशी आणि ठरलेल्या उपचारांशी बांधलेली असते. मत घेतल्यावर उपचार कुठे करायचा हे ठरवण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून हा उपचार योजनेत बसतो का, रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळतं का, हे बघून घ्यावं. नावातल्या एका काना-मात्रेवरून माणसं तहसीलला परत गेलेली आहेत.

दोन डॉक्टर, दोन मतं

मतं जुळली नाहीत की घरात गोंधळ उडतो. सर्जन म्हणतो कापू, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतो आधी केमो, रेडिएशनवाले म्हणतात शेक. यात नेहमी स्वार्थच असतो असं नाही. ज्याच्या हातात जी विद्या, त्याला आधी ती दिसते. क्वचित नवं यंत्र घेतलेल्या रुग्णालयाला ते यंत्र जास्त दिसतं, हेही खरं. यावर उपाय म्हणजे ट्यूमर बोर्ड. वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून एका पेशंटची फाईल पाहतात आणि एक मत लिहून देतात. “ही केस बोर्डापुढे ठेवली का?” हा प्रश्न तिसऱ्या, चौथ्या डॉक्टरकडे जाण्याआधी विचारायचा.

दरवेळी पेशंटला घेऊन फिरायचीही गरज नाही. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आता देशातली तीनशेहून अधिक केंद्रं आणि संस्था आहेत, आणि उपचारांच्या समान मार्गदर्शक सूचना हा त्या जाळ्याचा एक मुख्य हेतू. ‘नव्या’ या सेवेमार्फत ग्रिडच्या आणि टाटाच्या तज्ज्ञांचं मत रिपोर्ट ऑनलाइन पाठवून घेता येतं. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन सूचनांनंतर व्हिडिओवरचा सल्लाही नियमांत आला. उणीव एवढीच, की कॅमेऱ्यातून पोट दाबून पाहता येत नाही. मोठं ऑपरेशन ठरवायचं असेल तर समोरासमोर गेलंच पाहिजे.

मतासाठी थांबायला वेळ आहे का, हेही पहिल्याच डॉक्टरला विचारावं. बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये ब्लॉकच्या तपासणीसाठी एक-दोन आठवडे गेल्याने बिघडत नाही. पण काही लक्षणं दिसली की मतं गोळा करणं थांबवून जवळच्या रुग्णालयात जायचं: पायातली शक्ती अचानक कमी होणं किंवा लघवी अडणं, चेहरा आणि मान सुजणं, श्वास अडकणं, थांबत नसलेला रक्तस्राव, एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलणं, केमोनंतरचा ताप. मणक्यावर दाब आला असेल तर तासांचाही हिशेब असतो.

आणि मग असतो परदेशातला भाऊ. अमेरिकेत डॉक्टर मंडळी लांबून येऊन सगळं उलटंपालटं करणाऱ्या नातेवाइकाला ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणतात. आपल्याकडची मुलगी खुद्द कॅलिफोर्नियातच असते. रात्री दोन वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर तिथल्या एखाद्या चाचणीची बातमी येते, आणि सकाळी इथे रात्रभर जागलेल्या वहिनीला तिचा जाब द्यावा लागतो. प्रेम आणि लांब असल्याचा सल, दोन्ही त्या मेसेजमध्ये असतं. त्या भावाला कामाला लावणं चांगलं: भारतातल्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते, त्यात बाबांच्या प्रकारच्या आजारासाठी कुठे भरती चालू आहे ते शोधून दे, म्हणावं.

गल्लीतल्या सल्ल्यांबद्दल फार लिहायला नको. साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल, हा सल्ला ऐकून आधीच वजन उतरलेली माणसं आणखी वाळतात. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा हमखास गुण सांगणारी पाटी कायदा मोडूनच लावलेली असते.

ज्याला विचारलंच नाही

या सगळ्या धावपळीत एका माणसाचं मत बहुतेक घरांत घेतलंच जात नाही. मुलगा केबिनमध्ये आधी एकटा जातो आणि म्हणतो, “त्यांना सांगू नका, खचून जातील.” फाईलवर मोठ्या अक्षरात ‘कॅन्सर’ छापलेलं असतं, वॉर्डात शेजारी सगळे तसेच पेशंट असतात, आणि तरी घरात ‘साधी गाठ आहे’ असं नाटक चालतं. पेशंटला ते कळलेलं असतं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तोही नाटक करतो. जोरकस उपचार घ्यायचा की सौम्य, मुंबईत राहायचं की घरी, हे निर्णय मग ज्याच्या अंगावर सुया टोचायच्या त्याला वगळून होतात.

गुरुजींच्या घरी असंच चाललं होतं. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी मुलीची परवानगी न मागता थेट विचारलं, “गुरुजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहिती आहे? आणखी किती जाणून घ्यायचंय?”

गुरुजी म्हणाले, “नाव माहीत आहे. ते कुणी उच्चारत नाही. मला एवढंच सांगा, वर्ष मिळेल का? सातबाऱ्यावर अजून आम्हा चौघा भावांची नावं एकत्र आहेत. वाटणी माझ्या डोळ्यांदेखत झाली तर पोरं कोर्टात जाणार नाहीत.”

मुलीला हे नवीन होतं. तिने बाबांसाठी मागितलं होतं ते जास्तीत जास्त आयुष्य. त्यांना हवं होतं ते फलटणच्या कचेरीत खेटे घालता येतील असं वर्ष. गोळी आणि केमो एकत्र की नुसती गोळी, हा निर्णय त्या उत्तराने झाला. त्यांनी नुसती गोळी निवडली.

पुढे शुद्ध राहिली नाही तर काय करावं, हेही माणूस लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायची आधीची अट जाचक होती. जानेवारी २०२३ मध्ये ती बदलली, आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं.

दुखणं थांबवणारं मत

आणखी एक दार आहे, तिकडे आपण शेवटी जातो आणि आधी जायला हवं. पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की घरचे समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळंच सांगतो. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअरही दिली. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, शेवटच्या काळातले जोरकस उपचार कमी झाले, आणि मध्यम आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने निघालं. म्हणजे हा उपचार बाकीच्या उपचारांशेजारी चालायचा असतो.

दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. ती मिळणं अवघड झालं ते १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने. २०१४च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी केली, तरी अनेक तालुक्यांत ती आजही मिळत नाही. घरचेही घाबरतात, ‘सवय लागेल’. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनमध्ये रोजचा खरा त्रास असतो बद्धकोष्ठाचा, आणि त्यावर औषध सोबतच द्यायचं असतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून मोफत सेवा देतं; तिथे दुखणं आटोक्यात आणून आणि घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवून पेशंटला घरीही पाठवतात. ‘आता काहीच नाही’ असं कुठल्याही डॉक्टरने म्हटलं तर दुसरं मत घ्यायला जावं ते अशा ठिकाणी, कारण गाठीसाठी काही उरलं नसलं तरी दम, दुखणं, उलटी, झोप यांच्यासाठी पुष्कळ काही उरलेलं असतं.

थांबायचं कधी, हे सुरू करतानाच

मतं घेण्याचं काम कुठे संपवायचं? निदान दोन ठिकाणी पाहून झालं असेल, लागणाऱ्या तपासण्या झाल्या असतील, बोर्डाचं लेखी मत हातात असेल आणि पेशंटला काय हवं ते कळलं असेल, तर पुढच्या दारात नवं काही सापडण्याची शक्यता फार कमी असते. मग घराजवळचा, फोन उचलणारा डॉक्टर निवडावा आणि त्याच्याकडे टिकून राहावं.

आणि त्याच बैठकीत शेवटचा प्रश्न विचारून ठेवावा: हे लागू पडतंय की नाही, हे आपण कधी आणि कशावरून ठरवणार? दोन-तीन सायकलनंतरचा स्कॅन, उतरत चाललेलं वजन, त्या मोजपट्टीवर वाढलेला आकडा, काय ते आधीच ठरलेलं बरं. सुरू करताना सगळ्यांचं डोकं शांत असतं. आयसीयूच्या दारात, हातात संमतीपत्र आणि समोर घाईत असलेला निवासी डॉक्टर असताना, ‘थांबूया’ हा शब्द मुलाच्या तोंडून निघत नाही; बापाला आपण सोडून दिलं, असं त्याला पुढे आयुष्यभर वाटत राहतं. तोच शब्द सहा महिने आधी बापाने स्वतः, डॉक्टरांसमोर उच्चारलेला असेल, तर मुलाला फक्त त्याचं ऐकायचं उरतं.